विश्लेषण : एक घोट घेतला म्हणजे सात महिने वाया? व्यसनातून सावरताना ‘सगळे किंवा काहीच नाही’ हा हिशेब का चुकतो?

व्यसन सोडलेला माणूस एकदा घसरला की घरचे म्हणतात, ‘झाले, पुन्हा सुरू झाले.’ तो स्वतःही तेच म्हणतो आणि त्यानंतर खरोखरच पुन्हा सुरू होते. पहिल्या घोटाने होणारे नुकसान या निकालामुळे किती वाढते, यावर जगभरात गेली पाच दशके अभ्यास सुरू आहे. त्यातून निघालेल्या गोष्टी उपचार करणाऱ्यांना माहीत आहेत; घराघरांत मात्र त्या अजून फारशा पोहोचलेल्या नाहीत.

हळदीची रात्र आणि दुसरी दुपार

एक नेहमीचे चित्र उदाहरण म्हणून घेऊ. औद्योगिक वसाहतीत फिटरचे काम करणारा चाळिशीचा माणूस. रोज एक क्वार्टर, शनिवारी त्याहून जास्त, अशी बारा वर्षे गेली. मग व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि सात महिने दारूला शिवला नाही. मेहुण्याच्या हळदीला डीजे सुरू झाला, कुणीतरी प्लास्टिकचा ग्लास हातात दिला, ‘आजचा दिवस चालतंय रे’ म्हणाला. दोन ग्लास झाले. रात्री तो कुणाशी न बोलता झोपला. सकाळी बायकोने विचारले काहीच नाही, फक्त पाहिले. त्या नजरेनंतर त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत राहिले, ‘सात महिने पाण्यात गेले. आता घेतलीच आहे, तर...’ दुपारी तो दुकानाच्या खिडकीशी उभा होता. पुढचे पंधरा दिवस तो कामावर गेला नाही.

लोक ही एकच घटना मानतात. अभ्यासक तिचे दोन तुकडे करतात. हळदीच्या रात्रीला ते ‘लॅप्स’ म्हणजे घसरण म्हणतात. त्या दुपारी जे सुरू झाले, त्याला ‘रिलॅप्स’ म्हणजे पुन्हा व्यसनात जाणे. या दोहोंच्या मध्ये काही तास असतात, कधी एक-दोन दिवस. त्या वेळात माणूस स्वतःला काय सांगतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लेट यांनी या स्वतःशी होणाऱ्या बोलण्यावरच आयुष्यभर काम केले. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेले ‘रिलॅप्स प्रिव्हेन्शन’ हे पुस्तक १९८५ मध्ये आले आणि तेव्हापासून व्यसनोपचारात ही विभागणी रुळली.

मार्लेट यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याने ‘एक थेंबही नाही’ असे ठरवले आहे, त्याच्या हातून तो थेंब गेला की दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे अपराधीपणा, आणि अपराधीपणा बुडवायचे त्याला माहीत असलेले एकमेव साधन म्हणजे दारूच. दुसरे म्हणजे कारण शोधताना तो बोट स्वतःच्या स्वभावाकडे दाखवतो. ‘हळदीत डीजेपाशी उभे राहायला नको होते’ असे त्याला वाटत नाही. ‘मी आहेच असा, माझ्यात दम नाही’ असे वाटते. पहिले कारण पुढच्या लग्नात टाळता येते. दुसऱ्याला काही इलाजच उरत नाही. बुडत्याचा पाय खोलात जातो तो इथे.

ग्लासात काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे?

मग दारूचा स्वतःचा परिणाम काहीच नाही का? आहे, आणि तो नाकारणे खोटेपणाचे ठरेल. वर्षानुवर्षे पिणाऱ्या मेंदूला एक पेगही जुन्या वाटेची आठवण करून देतो, ओढ वाढवतो. पण ती ओढ म्हणजेच सर्व काही, हा समज मात्र १९७३ मध्येच हलला. मार्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूचे व्यसन असलेल्या पुरुषांना पेयांची चव तपासण्याच्या निमित्ताने बोलावले. काहींना सांगितले, ग्लासात व्होडका आणि टॉनिक आहे. काहींना सांगितले, नुसते टॉनिक आहे. प्रत्यक्षात मात्र दोन्ही गटांतल्या निम्म्यांना सांगितले त्याच्या उलट दिले. व्होडका समजून टॉनिक पिणारे जास्त प्याले. टॉनिक समजून व्होडका पिणारे कमी प्याले. किती प्यायले जाते हे ग्लासात खरोखर काय आहे यापेक्षा पिणाऱ्याला काय आहे असे वाटते, यावर अधिक ठरले.

प्रयोगशाळेतला प्रयोग म्हणजे घर नव्हे, हे खरेच. तरी ‘एक थेंब पोटात गेला की माणसाच्या हातात काहीच राहत नाही’ या वाक्याला त्याने पहिला तडा दिला. हाच प्रकार डाएटवाल्यांमध्येही दिसला. १९७५ च्या एका प्रयोगात खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या तरुणींना आधी मिल्कशेक पाजले आणि नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खायला दिले. पोट भरलेले असूनही त्यांनी मिल्कशेक न घेतलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर मग कशाला थांबायचे? मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे : ‘होऊ दे खर्च’.

गटारी, श्रावण आणि ‘मुक्ती’ हा शब्द

महाराष्ट्रात तर या विचाराला पंचांगाचीच जोड मिळालेली आहे. आषाढ अमावास्येला, म्हणजे दीप अमावास्येला, दिवे पुजायचे असतात. पण शहरांत आणि गावांत त्या दिवसाची खरी ओळख ‘गटारी’ अशी झाली आहे. उद्यापासून महिनाभर बंद, म्हणून आज पोट फुटेस्तोवर. श्रावण संपला, गणपती गेले, की पुन्हा सुरू. ‘मी श्रावण कडक पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही’ हा दावा व्यसनमुक्ती केंद्रांतल्या समुपदेशकांना पाठ झालेला असतो. महिनाभर शून्य आणि उरलेले अकरा महिने मोकळे रान, यातून यकृताला विश्रांती मिळते तेवढीच. पिण्याची पद्धत जागची हलत नाही. ३१ डिसेंबरचा संकल्प ही त्याचीच इंग्रजी कॅलेंडरमधली आवृत्ती.

शपथ, देवापुढे उचललेला अंगारा, मुलाच्या डोक्यावर ठेवलेला हात, ही सगळी साधने याच जातीची. त्यांना सरसकट नावे ठेवणेही बरोबर नाही. गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसे वारकरी गावांत पिढ्यान्पिढ्या दिसत आली आहेत. मात्र तिथे काम करते ते केवळ वचन नसते. रोजचे भजन, एकादशी, वारी, सोबतचे माळकरी, संध्याकाळी जायला एक ठिकाण आणि चौकशी करणारी चार माणसे, असे सगळे मिळून ती माळ धरून ठेवते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेमागे यातले काहीच नसते. ती मोडली की उरते ते पोराचे वाईट केल्याचे ओझे, आणि ते घेऊन माणूस जातो कुठे, हे सांगायला नको.

शब्दाचाही थोडा दोष आहे. ‘मुक्ती’ म्हणजे एकदाच काय ते मिळणारे. अर्धी मुक्ती असा प्रकार नसतो. त्यामानाने ‘सावरणे’ हे साधे क्रियापद वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जाते. माणूस सावरतो, पुन्हा तोल जातो, पुन्हा सावरतो, आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

आकडे काय सांगतात?

सन २००० मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात टॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला, तो आजही सर्वत्र उद्धृत होतो. व्यसनाचे उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात पुन्हा कधी ना कधी नशा करतात. नुसता हा आकडा ऐकला की उपचार फुकट, असेच वाटते. पण त्याच लेखात उच्च रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचा आकडा शेजारी ठेवला होता. औषधे आणि पथ्य सुटून आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण तिथे ५० ते ७० टक्के होते. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून डॉक्टर रुग्णाला ‘तुमच्यात इच्छाशक्तीच नाही’ म्हणून घरी पाठवत नाहीत. गोळी बदलतात, मिठाचे विचारतात, पंधरा दिवसांनी बोलावतात.

किती वेळा प्रयत्न करावा लागतो? अमेरिकेत जॉन केली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये, दारू वा अमली पदार्थांच्या गंभीर अडचणीतून बाहेर आलेल्या प्रौढांना हाच प्रश्न विचारला. सरासरी पाचहून थोडी अधिक आली. पण मध्यांक, म्हणजे रांगेत अगदी मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा आकडा, फक्त दोन होता. मोजक्या लोकांना दहा-वीस प्रयत्न लागतात आणि ते सरासरी वर खेचतात. निम्म्या लोकांना एक किंवा दोन प्रयत्नच पुरतात. हा फरक घरच्यांना सांगण्यासारखा आहे. ‘पहिल्यांदा जमले नाही’ आणि ‘याला आयुष्यभर जमणार नाही’ यांच्यामध्ये बरेच अंतर आहे.

तंबाखूचे गणित याहून चिवट. सिगारेट सोडणाऱ्यांवरच्या २०१६ मधील एका कॅनेडियन अभ्यासात, हिशेबाची पद्धत कोणती धरता त्यानुसार, यशस्वी होईपर्यंतच्या प्रयत्नांची संख्या सहापासून तीस आणि त्याहूनही वर गेली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले सुमारे २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. विदर्भातला खर्रा आणि खेड्यापाड्यांतली मिश्री त्यातच येते. यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी ‘आजपासून बंद’ म्हणून पुडी गटारात फेकलेली असते. संध्याकाळी नवी पुडी घेताना ते त्या प्रयत्नाला अपयश म्हणतात. मोजायचेच तर तो पहिला, तिसरा किंवा सातवा प्रयत्न असतो.

मग ‘थोडी थोडी’ चालेल का?

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना याच प्रश्नाचे उत्तर हवे असते, आणि इथेच सर्वाधिक सावधपणा लागतो. घसरणीकडे शांतपणे पाहणे आणि मर्यादेत पिण्याचा परवाना देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे या क्षेत्रात मोठी भांडणे झाली.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डॉ. डी. एल. डेव्हिस यांनी १९६२ मध्ये एक छोटा निबंध छापला. उपचार घेतलेल्या ९३ मद्यासक्तांपैकी सात जण वर्षानुवर्षे ‘सामान्य’ प्रमाणात पीत असल्याचे त्यांना आढळले होते. खळबळ उडाली. तोवर एकदाचा मद्यासक्त तो कायमचा, हे जवळपास श्रद्धेसारखे मानले जात होते. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील पॅटन स्टेट हॉस्पिटलमध्ये मार्क आणि लिंडा सोबेल या दाम्पत्याने रुग्णांना मर्यादेत पिण्याचे प्रशिक्षण देऊन पाहिले आणि निकाल चांगले असल्याचे सांगितले. १९८२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तीन संशोधकांनी त्यावर हल्ला चढवला. त्याच रुग्णांचा माग काढला तर बहुतेकांची पुढे दुर्दशा झालेली दिसते, असे त्यांचे म्हणणे. फसवणुकीचेही आरोप झाले. टोरोंटोत नेमलेल्या चौकशी समितीने सोबेल दाम्पत्याला फसवणुकीच्या आरोपातून मुक्त केले. या वादात एक मुद्दा बाजूलाच राहिला होता. टीकाकारांनी मर्यादेत पिण्यास शिकवलेल्यांची दुर्दशा दाखवली, पण पूर्ण बंदीचा उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटाचे काय झाले, याची तुलना त्यात नव्हती.

डेव्हिस यांच्या त्या सात जणांची गोष्टही पुढे आहे. ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी १९८५ मध्ये त्यांचा पुन्हा शोध घेतला. सातपैकी पाच जणांना दारूचा गंभीर त्रास झालेला होता. खरोखर बिनत्रास पिणारे दोनच निघाले, आणि त्यातल्या एकाचे व्यसन मुळातच फारसे तीव्र नव्हते.

यातून आज जे शहाणपण उरले आहे ते साधारण असे : व्यसन जितके जुने आणि तीव्र, तितका पूर्ण बंदीचा मार्ग सुरक्षित. सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावी लागणे, आधी कधी फिट येऊन गेलेली असणे, यकृताचा सिरॉसिस किंवा स्वादुपिंडाची सूज, गरोदरपण, दारू सोडण्यासाठीच्या डायसल्फिरामच्या गोळ्या सुरू असणे, यांपैकी काहीही असेल तर ‘थोडी’ हा पर्याय शिल्लक राहत नाही. वरच्या उदाहरणातला फिटर याच गटात मोडतो. ज्यांचे पिणे धोक्याच्या पातळीवर आहे पण शरीर अजून अवलंबून झालेले नाही, अशांमध्ये प्रमाण कमी करणे हे डॉक्टरही पहिले उद्दिष्ट मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये दारूची कोणतीही पातळी पूर्ण सुरक्षित नाही, असे स्पष्ट केले. त्याचा अर्थ रोज सहा पेग आणि आठवड्यातून दोन सारखेच, असा होत नाही.

उद्दिष्ट पूर्ण बंदीचे असले, तरी मोजमाप ‘पास की नापास’ असे असायला हवे, हे कुठून आले? अमेरिकेच्या दारूविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने २०२२ मध्ये सावरण्याची जी व्याख्या मांडली, तिच्यात त्याला प्रक्रिया म्हटले आहे. आजाराची लक्षणे ओसरणे आणि अतिमद्यपान थांबणे या दोन गोष्टी तिने महत्त्वाच्या मानल्या. फिटरच्या सात महिन्यांत साधारण २१० दिवस कोरडे गेले, पगार घरी आला, रक्तदाब उतरला, मुलगी पुन्हा बोलू लागली. हळदीच्या रात्रीने यातले काहीही मागे जाऊन पुसले जात नाही.

‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची बाजू

पूर्ण बंदीचे सर्वात मोठे पुरस्कर्ते म्हणून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ‘एए’कडे बोट दाखवले जाते. १९३५ मध्ये ओहायोतील अॅक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली. आज महाराष्ट्रात शहरांत आणि तालुक्याच्या ठिकाणी तिच्या सभा भरतात. तिथे पिण्यापासून दूर राहिलेल्या दिवसांची मोजणी होते, वर्षपूर्तीला टाळ्या पडतात, आणि घसरलेल्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. काहींना हा शून्याचा आकडा इतका झोंबतो की ते सभेलाच येणे थांबवतात.

पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. सभासद होण्यासाठी एए एकच अट घालते, पिणे थांबवण्याची इच्छा. थांबवलेले असलेच पाहिजे, असे ती म्हणत नाही. आणि आयुष्यभराऐवजी फक्त आजच्या दिवसापुरते पाहा, ही तिची सर्वात प्रसिद्ध शिकवण ‘सगळे किंवा काहीच नाही’च्या अगदी उलट टोकाची आहे. अनुभवी सभासद घसरलेल्याला सहसा एवढेच सांगतो की आज संध्याकाळी सभेला ये. अडचण बहुधा सभेत नसते. सभेपर्यंत पोहोचण्याआधी माणसाने स्वतःचा जो निकाल लावलेला असतो, तिथे असते.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने उपचारात कुटुंबाला आणि घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याला स्थान दिले. उपचार केंद्रात संपत नाही, हे त्या काळात महाराष्ट्राला सांगावे लागत होते. आजही सांगावे लागते.

गोळीवर असलेला ‘सुटलेला’ नाही?

‘दारू सोडलीस, पण गोळ्या खातोस ना!’ हा टोमणा याच विचाराचा धाकटा भाऊ. नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट ही औषधे ओढ आणि पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका कमी करतात. ती काही नशा देत नाहीत. (नवऱ्याच्या भाजीत गुपचूप डायसल्फिरामची गोळी मिसळण्याचा उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नये. ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ती गोळी माहीत असलेल्या, राजी असलेल्या रुग्णासाठीच असते.)

गर्द किंवा हेरॉइनच्या बाबतीत हा प्रश्न थेट जिवाचा होतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून सुया टोचणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली जाते. काही घरांत ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणून ती बंद करायला लावतात. मग काही महिने पूर्ण बंद राहिलेला मुलगा एका दिवशी घसरतो आणि जुन्या सवयीने जुनेच प्रमाण घेतो. शरीराची सहनशक्ती मधल्या काळात उतरलेली असते, त्यामुळे श्वास थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वाधिक धोक्याचे मानले जातात. अशा मुलाने घसरण लपवली तर ती कुणाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि लपवण्याचे कारण बहुतेकदा ‘पुन्हा घेतलीस तर घरात पाय ठेवू नकोस’ हे वाक्य असते.

घसरल्यानंतरचे पहिले २४ तास

मार्लेट रुग्णांच्या खिशात एक छोटे कार्ड ठेवायला सांगत. घसरलात तर काय करायचे, ते शुद्धीत असताना आपल्याच हाताने लिहिलेले. आज ते फोनमधल्या नोंदीतही राहू शकते. त्यात मोठे तत्त्वज्ञान नसते. थांबा. जागा सोडा, म्हणजे डीजेपासून, बारपासून, त्या मित्राच्या गाडीतून बाहेर. ठरलेल्या एका माणसाला फोन करा. घरात बाटली उरली असेल तर ती दुसऱ्याने ओतून द्यावी. अपराधी वाटेल, ते वाटणे अपेक्षित आहे आणि काही तासांत ओसरते. दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला किंवा डॉक्टरला कळवा.

मग हिशेब मांडायचा, पण तपासनीसासारखा. मार्लेट आणि गॉर्डन यांनी घसरणीच्या ३११ प्रसंगांचा अभ्यास केला तेव्हा सुमारे ७० टक्के प्रसंग तीनच प्रकारांत बसले : मन बिघडलेले असणे, कुणाशी भांडण, आणि चारचौघांचा आग्रह. उदाहरणातल्या फिटरचे कारण तिसरे होते. त्याच्यासाठी पुढची योजना ‘इच्छाशक्ती वाढवणे’ अशी असून चालणार नाही. लग्नाला जेवणाच्या वेळी जायचे, बायको-मुलीसोबत बसायचे, हातात आधीच थंड पेय धरायचे, रात्री नऊला निघायचे, एवढी ती साधी असावी. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ हे वाक्य आग्रह करणाऱ्या मंडळींवर भाषणापेक्षा चांगले लागू पडते.

एक इशारा इथे महत्त्वाचा आहे. घसरण दोन ग्लासांवर थांबली तर लगेच बंद करणे ठीक. पण आठवडे किंवा महिने रोज भरपूर पिणे पुन्हा सुरू झाले असेल, तर ‘आजपासून एकदम बंद’ हा बाणा घरी करू नये. अचानक थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप आणि असंबद्ध बडबड सुरू होऊ शकते, ज्यात मृत्यूही ओढवतो. दर वेळी हा त्रास आधीपेक्षा तीव्र होण्याची शक्यता असते. अशा वेळी रुग्णालयात दाखल करून औषधे आणि थायमिनच्या इंजेक्शनांच्या आधारानेच दारू बंद करावी लागते. घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवणे हा उपचार नव्हे.

घरच्यांनी दारातच काय बोलावे?

शक्यतो त्या रात्री काहीच बोलू नये. प्यायलेल्या माणसाशी झालेली चर्चा सकाळी त्याला आठवत नाही आणि तिला मात्र जन्मभर आठवते. सकाळी ‘पुन्हा तेच केलेत ना’ यापेक्षा ‘काल काय झाले होते? समुपदेशकांना कधी फोन करायचा?’ हे प्रश्न पुढचे दार उघडे ठेवतात. सात महिन्यांतली एखादी खरी गोष्ट आठवण म्हणून सांगता आली, तर तीही उपयोगी पडते. पैसे हातात न देणे, गाडीची किल्ली काढून ठेवणे, कामावर खोटे कारण न कळवणे, या मर्यादा तशाच राहायला हव्यात. समजून घेणे म्हणजे सगळे पांघरून घालणे नव्हे.

आणि मारहाण हा घसरणीचा भाग म्हणून सोसायचा नसतो. आजार समजून घेण्याची जबाबदारी बायकोवर टाकताना हे वाक्य अनेकदा गाळले जाते. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन क्रमांक ११२ त्यासाठी आहेत. नवऱ्याचे सावरणे त्यानंतरच्या क्रमांकावर येते.

मदत कुठे?

केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींना त्या पिण्याबद्दल मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणताही उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. ‘पूर्ण सोडायची तयारी होईल तेव्हाच डॉक्टरकडे जाईन’ म्हणून थांबलेले यात किती, हे कुणी मोजलेले नाही. बाह्यरुग्ण विभागात मात्र अशी तयारी होण्याआधीही जाता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे, त्यामुळे मानसोपचार विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयांत याविषयी विचारता येते.

व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, टेली-मानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे क्रमांक निःशुल्क आहेत. फोन करणाऱ्याने किती दिवस झाले, शेवटचे कधी घेतले, किती घेतले आणि याआधी सोडताना कधी फिट आली होती का, एवढे खरे सांगितले तरी पलीकडच्या माणसाला पुढचे ठरवता येते.